विक्रांतवरचा सी हॉक नेमका कसा दिसत होता? एका बोटभर मॉडेलमागचं संशोधन

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय, काही जण पेट होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलाय. "विषय नेमका करा" हे वाक्य तुम्ही एव्हाना गाईडकडून दहा वेळा ऐकलं असेल. पण नेमका म्हणजे किती नेमका, हे सहसा कुणी सांगत नाही. आज ते एका प्लॅस्टिकच्या विमानावरून सांगायचा प्रयत्न करते.

आपल्या नाशिकमध्ये विमानांचं वेड असणाऱ्यांची कमी नाही. ओझरला एचएएलचा कारखाना १९६४ मध्ये आला आणि मिग-२१ इथेच तयार झाली, त्यामुळे मिगबद्दल काही विचारलं तर चार जण उत्तर द्यायला पुढे येतात. माझा आतेभाऊ त्यातलाच, तो विमानांची स्केल मॉडेल्स बनवतो. या वेळी मात्र त्याने मिग सोडून नौदलाचं विमान घेतलं. हॉकर सी हॉक, १:७२ मापाचं. मला त्याचा प्रश्न एवढाच होता: "ताई, तू इतिहासवाली आहेस ना, मग १९७१ च्या सी हॉकवर काय काय लिहिलेलं होतं ते सांग. रंग, चिन्ह, नंबर. मला डिकल लावायचेत."

डिकल म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायचे ते पातळ स्टिकर. एकदा चिकटले की काढताना रंग उखडतो. म्हणून आधी खात्री हवी. आणि "खात्री हवी" म्हटलं की संशोधन सुरू होतं, मग तो प्रबंध असो नाहीतर साडेसोळा सेंटीमीटर पंखांचं खेळणं.

आधी पार्श्वभूमी, अगदी थोडक्यात. आयएनएस विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका, ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यावरच्या सी हॉक विमानांचं स्क्वाड्रन आयएनएएस ३००, म्हणजे 'व्हाइट टायगर्स', त्याआधीच १९६० मध्ये ब्रिटनमधल्या ब्रॉडी तळावर उभं राहिलं होतं. पाणबुड्या शोधणारी फ्रेंच बनावटीची अलिझे विमानं आयएनएएस ३१० कडे, ते 'कोब्राज'. १९७१ च्या युद्धात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती आणि ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. नौदल दिन आपण ४ डिसेंबरला पाळतो तो कराचीवरच्या क्षेपणास्त्र नौकांच्या हल्ल्यामुळे, म्हणून त्याच तारखेची विक्रांतची कामगिरी शाळेच्या भाषणांत मागे पडते. नौकेचे कप्तान स्वराज प्रकाश आणि आयएनएएस ३०० चे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता, दोघांनाही महावीर चक्र मिळालं.

आता प्रश्नाकडे. "१९७१ चा सी हॉक" हा नेमका विषय वाटतो, पण तसा तो नाही. त्या वर्षी नौदलाकडे एकच सी हॉक नव्हता आणि सगळे एका साच्यातलेही नव्हते. पहिली तुकडी ब्रिटनकडून आली. नंतर, साठच्या दशकाच्या मध्यात, पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरलेली २८ विमानं आपण घेतली. जर्मनांसाठी बनवलेल्या सी हॉकची उभी शेपटी ब्रिटिश विमानापेक्षा उंच होती. किट बहुतेक वेळा ब्रिटिश प्रकाराचं असतं. म्हणजे तुम्ही जर्मन वंशाच्या विमानाचा नंबर घेऊन ब्रिटिश शेपटीवर चिकटवलात, तर नंबर खरा, शेपटी खरी, आणि दोन्ही मिळून असं विमान की जे कधी उडालंच नाही.

म्हणून मी भावाला सांगितलं की प्रश्न बदल. "१९७१ चा सी हॉक" नको. "आयएन अमुक या नंबरचं विमान, डिसेंबर १९७१ मध्ये, विक्रांतच्या डेकवर" असा प्रश्न घे. एक विमान, एक ठिकाण, एक महिना. नंबर ठरला की ते कुठून आलं हे ठरतं, ते ठरलं की शेपटी ठरते, आणि मग प्रत्येक फोटोला "हे तूच का?" असं विचारता येतं. तुमच्या सिनॉप्सिसमधलं 'महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रिया' असलं काही याच फुटपट्टीने मोजून बघा.

पुढची उडी सगळे जण घेतात ती म्हणजे संग्रहालय. गोव्यात बोगमाळोला नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. तिथे सी हॉक प्रत्यक्ष उभा आहे. नाशिकहून रात्रीची गाडी पकडली की झालं! जा, जरूर जा, पण तिथे काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे आधी ठरवून जा. आकार मिळेल, पत्र्यांचे जोड मिळतील, चाकाच्या पोकळीत काय आहे ते मिळेल, शेपटीची उंची मिळेल. रंग मात्र नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत, गोव्याच्या पावसात उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाला पुन्हा पुन्हा रंग द्यावाच लागतो. आज दिसतो तो संग्रहालयाने दिलेला रंग, आणि शिवाय सी हॉक नौदलात ऐंशीच्या दशकापर्यंत होते. म्हणजे संग्रहालयाने अगदी प्रामाणिकपणे विमान निवृत्त झालं तेव्हाचं रूप जपलं असलं, तरी ते १९७१ चं रूप ठरत नाही.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. येवल्टन इथल्या फ्लीट एअर आर्म संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातलं एक कोर्सेअर विमान आहे, केडी४३१. ते १९६३ मध्ये प्रदर्शनासाठी नव्याने रंगवलेलं होतं. पुढे तिथल्या डेव्ह मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवा रंग द्यायचाच नाही असं ठरवलं. त्याऐवजी १९६३ चा थर हळूहळू, तळहाताएवढा भाग घेऊन, खरवडून काढला. खाली १९४४ चा मूळ रंग आणि मूळ खुणा सापडल्या. या कामाला वर्षं लागली. विमान आता डागाळलेलं, पोपडे निघालेलं दिसतं, आणि म्हणूनच ते पुरावा आहे. चकचकीत होतं तेव्हा ते फक्त चित्र होतं. (हे वाचून बोगमाळोला जाऊन नखाने रंग खरवडू नका, हे सांगायची गरज नसावी.)

मग राहतात फोटो. इथे जरा थांबते, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्यांना कागद वाचायला शिकवतात, फोटो वाचायला कुणी शिकवत नाही.

पहिलं काम तारीख. फोटोखाली 'विक्रांत, १९७१' लिहिलंय म्हणून तो १९७१ चा होत नाही. डेकवर बघा. सी हॅरिअर दिसलं तर फोटो १९८३ च्या डिसेंबरनंतरचा, कारण ती विमानं तेव्हाच भारतात आली. डेकचं पुढचं टोक वर उचललेलं दिसलं, म्हणजे ज्याला स्की-जंप म्हणतात ते, तर तो बदल ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या मोठ्या दुरुस्तीतला. अशा खुणांनी फोटोला 'याच्या आधीचा नाही' आणि 'याच्या नंतरचा नाही' अशा दोन भिंती घालायच्या. भिंतींमधलं अंतर जितकं कमी तितका फोटो कामाचा. दोन भिंतींमध्ये आठ वर्षं असतील तर तो फोटो बाजूला ठेवायचा, कितीही सुंदर असला तरी.

दुसरं, रंग. आपल्या लष्करी विमानांवरचं गोल चिन्ह तुम्हाला माहीत आहे: बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. कृष्णधवल फोटोत केशरी आणि हिरवं दोन्ही करडेच दिसणार. पण किती करडे हे फिल्मवर अवलंबून. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या-केशरी प्रकाशाला जवळजवळ आंधळी असते, तिच्यावर केशरी कडं काळपट येतं. पँक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग टिपते, तिच्यावर तेच कडं फिकट येतं, आणि छायाचित्रकाराने ढग उठावदार दिसावेत म्हणून लेन्सवर पिवळा किंवा नारिंगी फिल्टर लावला असेल तर आणखी फिकट. म्हणजे एकाच सकाळी, एकाच विमानाचे दोन फोटो दोन वेगळी चिन्हं दाखवू शकतात. यावरून "चिन्ह बदललं होतं" असा निष्कर्ष काढणारे लोक मी पाहिलेत.

यावर उपाय फोटोतच शोधायचा. ज्या वस्तूचा रंग पक्का माहीत आहे अशी एखादी वस्तू त्याच चौकटीत सापडते का? विक्रांतच्या बाबतीत अशी वस्तू आहे आणि ती माझ्या मते फारच छान आहे: नौदलाचा तेव्हाचा ध्वज. पांढऱ्या कापडावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा. लाल, केशरी, पांढरा, हिरवा असे चार माहीत असलेले रंग, एकाच फोटोत, त्याच फिल्मवर, त्याच प्रकाशात. ध्वजातलं केशरी किती गडद आलंय ते बघा आणि मग विमानावरचं कडं बघा. कापड आणि तेलरंग यांची चमक वेगळी असते हे धरून चालायचं, पण फिल्मची जात कुठली एवढं तरी यातून कळतं.

रंगीत फोटो मिळाला तर आनंदाने नाचू नका. जुन्या रंगीत प्रिंटमधले रंग एकसारखे उडत नाहीत, एखादा रंगद्रव्याचा थर आधी फिका पडतो आणि सगळं चित्र लालसर होतं. त्यावर कुणीतरी स्कॅन करताना 'ऑटो करेक्ट' दाबलेलं असतं. आणि अलीकडे तर कृष्णधवल फोटो संगणकाकडून रंगवून घेण्याची साथच आलीय. संगणकाला करडा रंग दिसतो आणि तो अंदाजाने निळा भरतो. तो फोटो शेअर होत होत तुमच्यापर्यंत 'दुर्मिळ रंगीत छायाचित्र' म्हणून येतो. मूळ निगेटिव्ह किंवा प्रिंट कुणाकडे आहे हे कळत नसेल, तर त्या फोटोवरून रंग ठरवू नये.

तिसरं, माप. हे गणित सोपं आहे आणि विज्ञान शाखेच्या मुलांना आवडेल. सी हॉकची लांबी १२.०९ मीटर. समजा तुमच्याकडे अगदी बाजूने घेतलेला फोटो आहे, त्यात विमान २४.२ सेंटीमीटर लांब दिसतंय आणि गोल चिन्ह १.६ सेंटीमीटर. मग खरं चिन्ह साधारण ८० सेंटीमीटरचं. आता मोजण्यात एक मिलिमीटर इकडे-तिकडे होणारच, तेवढ्याने उत्तर ७५ ते ८५ सेंटीमीटरमध्ये फिरतं. ब्रिटिश पद्धतीत ही मापं इंचांत ठरत. ३० इंच म्हणजे ७६.२ सेंटीमीटर, हे आपल्या पट्ट्यात बसतं. ३६ इंच म्हणजे ९१.४, ते बसत नाही. बघा, आपण '८० सेंटीमीटर' हे उत्तर सिद्ध केलं नाही. ३६ इंच नाही, एवढं मात्र बऱ्यापैकी ठामपणे सांगू शकलो. मॉडेलवर फरक दोन मिलिमीटरचा, पण डोळ्याला लगेच जाणवणारा. फोटो तिरका असेल तर हे गणित तसंच्या तसं लावू नका. चिन्हाच्या शेजारचीच, त्याच पृष्ठभागावरची, माहीत असलेली लांबी शोधून तिच्याशी तुलना करा. आणि डाव्या बाजूच्या फोटोवरून उजव्या बाजूबद्दल काहीही ठरवू नका.

रंगाच्या नावांचाही एक सापळा आहे. ब्रिटिश नौदलाची त्या काळातली जेट विमानं वरून 'एक्स्ट्रा डार्क सी ग्रे' आणि खालून 'स्काय' अशा दोन रंगांत असत, आपली ब्रिटनहून आलेली सी हॉकसुद्धा. यातला 'स्काय' म्हणजे आकाशी नव्हे! तो फिकट, किंचित हिरवट रंग आहे. मराठीत टिपण काढताना कुणी 'आकाशी' लिहिलं की पुढचा माणूस दुकानातून निळी बाटली घेऊन येतो. म्हणून रंगाचं नाव न लिहिता त्याचा प्रमाण क्रमांक लिहायचा. ब्रिटिश मानक ३८१सी मध्ये स्काय २१० आहे आणि एक्स्ट्रा डार्क सी ग्रे ६४०. आणि विमान १९६० च्या सुमारास या रंगात आलं, म्हणून अकरा वर्षांनी, मधल्या मोठ्या दुरुस्त्यांनंतरही ते त्याच रंगात होतं असं गृहीत धरता येत नाही. ते वेगळं दाखवावं लागतं.

याच मुद्द्याची दुसरी बाजू म्हणजे हुकूम आणि प्रत्यक्ष. अमेरिकेने जून १९४३ च्या अखेरीस आपल्या विमानांवरच्या ताऱ्याला पांढरे पट्टे आणि भोवती लाल किनार द्यायचा आदेश काढला. जपानी विमानांवर लाल गोळा, त्यामुळे आपल्याच माणसांचा गोंधळ होईल म्हणून ऑगस्टच्या मध्यात ती किनार निळी करायचा दुसरा आदेश निघाला. (भारत-ब्रह्मदेश आघाडीवर ब्रिटिशांनीही आपल्या चिन्हातलं लाल याच भीतीने काढून टाकलं होतं.) कागदावर लाल किनारीचं आयुष्य दीड महिना. पण महासागरात लांब असलेल्या नौकेवर आदेश पोचायला, रंगाचा डबा मिळायला आणि लढाईतून उसंत मिळायला वेळ लागतो, त्यामुळे लाल किनार नंतरच्या फोटोंतही दिसते. आदेश सांगतो की काय व्हायला हवं होतं. काय झालं ते सांगायला दुसरा पुरावा लागतो. सरकारी योजनांवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी हे भिंतीवर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

कागद कुठे शोधायचे? नौदलाचा अधिकृत इतिहास आहे. १९६५ ते १९७५ चा खंड व्हाइस अ‍ॅडमिरल हिरानंदानींनी लिहिलाय, 'ट्रान्झिशन टू ट्रायम्फ'. मोहिमा आणि निर्णय समजायला तो उत्तम, पण त्यात रंगाचे डबे शोधू नका. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची 'अभिलेख पटल' ही सूची घरबसल्या चाळता येते. संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानुसार २५ वर्षांपेक्षा जुन्या नोंदी तपासून अभिलेखागाराकडे द्यायच्या आहेत, त्यामुळे खरेदीच्या फाइल्सवर लक्ष ठेवणं शहाणपणाचं. मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी आहे, १९७८ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी सुरू केलेली. १९७१ मध्ये हेच आवटी विक्रांतच्याच ताफ्यात आयएनएस कामोर्टा या युद्धनौकेचे कप्तान होते, वीर चक्राचे मानकरी, आणि निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहिले.

पण खरा खजिना सरकारी नाही, तो घरांमधल्या कपाटांत आहे. प्रत्येक वैमानिक आपली उड्डाणवही ठेवतो: तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा नंबर, किती वेळ उडालो. म्हणजे माणूस, दिवस आणि विमान यांना जोडणारी एक ओळ. आपल्याला नेमकी हीच हवी. १९७१ मध्ये पंचविशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या आसपास आहे. वह्या रद्दीत जायला एक घर बदलणं पुरतं. कुणाकडे अशी वही असल्याचं कळलं तर ती मागून आणू नका. त्यांच्याच घरी, त्यांच्याच टेबलावर, सगळ्या पानांचे फोटो काढा, कोऱ्या पानांसकट, आणि काय वापरणार ते लिहून त्यांची सही घ्या.

मुलाखतीबद्दल एक गोष्ट. "सर, विमानाचा रंग कसा होता?" असं विचारू नका. पंधरा वर्षं ती विमानं हाताळलेल्या माणसाच्या मनात सगळी वर्षं एकत्र झालेली असतात, आणि भिंतीवर लावलेला नंतरचा फोटो आठवणीवर चढून बसलेला असतो. हाताने केलेल्या गोष्टी विचारा. कॉकपिटमध्ये चढताना पाय कुठे ठेवायचात? तिथे काही लिहिलेलं होतं का? रात्री डेकवर आपलं विमान कसं ओळखायचात? रंग लावायचं काम कुणाकडे असायचं, डबे कुठे ठेवायचे? नौदलातल्या तंत्रज्ञांना, म्हणजे ज्यांनी खरोखर ब्रश हातात धरला, वैमानिकांइतकंच विचारा. त्यांच्याकडे सहसा कुणी जात नाही.

हे सगळं जमवून आम्ही एका वहीत रकाने पाडले. एका ओळीत एक खूण: वरचा रंग, खालचा रंग, गोल चिन्ह, नंबर, स्क्वाड्रनचा वाघ, नौदलाचं नाव कुठल्या लिपीत आणि कुठल्या बाजूला. प्रत्येकीसमोर पुरावा कुठला, तो कुठल्या तारखेचा, आणि तो दुसऱ्या कुठल्या पुराव्यावरून उतरवलेला तर नाही ना. हा शेवटचा रकाना भरताना भाऊ वैतागला. किटच्या डब्यावरचं चित्र, एका मासिकातलं रंगीत रेखाचित्र आणि एका मॉडेल प्रदर्शनातलं बक्षीसपात्र विमान, तिन्ही एकच गोष्ट सांगत होती, म्हणून त्याने तीन पुरावे मोजले होते. मागे मागे गेल्यावर दिसलं की प्रदर्शनातलं विमान डब्यावरून केलेलं आणि रेखाचित्र प्रदर्शनातल्या विमानाच्या फोटोवरून. पुरावा एकच, आणि तो चित्रकाराचा अंदाज. आता आमचं मॉडेल चांगलं झालं आणि त्याचे फोटो फिरले, तर उद्या कुणाच्या तरी रकान्यात तेही पुरावा म्हणून बसेल. मॉडेलवाल्याची जबाबदारी म्हणून मोठी आहे.

शेवटी त्याने फोटो आणि नंबर दोन्हींचा आधार असलेल्या खुणाच लावायच्या ठरवल्या. वाघाचं डिकल कागदावरच राहिलं, देखणं असूनही. स्टँडच्या खाली त्याने एक चिठ्ठी चिकटवली आहे: कुठली खूण कशावरून घेतली, कुठली का लावली नाही, आणि तारीख. परवा फोन आला. आता त्याला पंखांखाली त्या दिवशी बॉम्ब होते की रॉकेटं ते हवंय. त्याला म्हटलं, ते रंगाच्या वहीत सापडणार नाही, त्यासाठी त्या दिवसाचं लक्ष्य काय होतं तिथून सुरुवात कर, धावपट्टी की बंदरातली जहाजं.